शांत ताऱ्याचा ठोका

खगोलसंस्थेच्या कँटीनमधली पोह्यांची रांग ही पुण्यातली एकमेव रांग, जिथे माणसं आपणहून बोलतात. कारण पोहे येईपर्यंत दुसरं करण्यासारखं काही नसतं. शहजादी तांबोळी मात्र त्या सकाळी धुमसत होती. पुढच्या माणसाच्या शर्टाला इतकी कडक इस्त्री होती, की नुसत्या पाठीकडे बघूनच तिचा राग वाढला.

"एन. शिकलगार कुठे बसतात, माहीत आहे?" तिनं त्या पाठीला विचारलं.

"काम काय होतं?"

"काल क्ष-किरणांचा उद्रेक झाला. त्यांनी जगभर सूचना पाठवली, भलत्याच ताऱ्याच्या नावानं."

"माणूस कसा आहे म्हणे?"

"आळशी. आधीच बदनाम असेल त्याच्यावर ढकललं, की हे मोकळे."

पाठ वळली. डोळे हसरे निघाले. "नियाज शिकलगार. आधी पोहे घ्या. भांडण गार झालं तरी चालतं, पोहे नाही."

शहजादी लाजली नाही. कसब्यातल्या मुली चुकल्यावर लाजतात. ती चुकलेली नव्हती.

भानगड अशी होती. आकाशात काही तारे जोडीनं राहतात. त्यातला एक मेलेला, आकारानं चिमुकला, भूक मात्र राक्षसी. तो जोडीदाराच्या अंगावरचा वायू ओढत राहतो, आणि एक दिवस असा भडकतो, की क्ष-किरणांचे लोट उठतात. थोडक्यात, संसार. हे किरण हवेत अडतात, म्हणून दुर्बीण अवकाशात फिरवावी लागते. शहजादीचा जोडतारा ती शाळेत जायच्या आधीपासून गप्प होता, आणि तिचा प्रबंध त्याच्यावरच. मार्गदर्शक सुनीतीताई आता "विषय बदल" म्हणू लागल्या होत्या. त्याच्या लगत दुसरा जोडतारा, सदा आरडाओरडा करणारा. टेहळणीच्या दुर्बिणीची नजर ढोबळ. तिला दोघं एकच दिसत. काल तिथं काहीतरी भडकलं, आणि ड्यूटीवरच्या नियाजनं सवयीनं शेजाऱ्याचं नाव लिहिलं. त्याच्या रोजच्या आरडाओरड्यासाठी बारीक नजरेची मोठी दुर्बीण कोण वळवणार? तिचं वेळापत्रक आज संध्याकाळी ठरायचं होतं. ते हुकलं, की शहजादीचा तारा पुन्हा झोपणार, बहुधा ती निवृत्त होईपर्यंत.

"पुरावा?" नियाजनं लिंबू पिळत विचारलं.

"माझा तारा गिरकी घेतो आणि दर गिरकीला ठोका देतो. सात सेकंदांनी. शेजाऱ्याला ताल नाही, नुसता आवाज."

"आलेखात ठोका नाही. आलेख एकदम गुळगुळीत आहे."

"तुमच्या शर्टासारखा."

"वळण आहे घराचं. आम्ही खडकीचे, अब्बा दारूगोळ्याच्या कारखान्यात. आमच्याकडे सगळं गुळगुळीत चाललं, तरच दिवस चांगला."

"आम्ही तांबट आळीच्या मागे. तिथं दत्तोबांचं दुकान, भिंतीला लागून दुसऱ्या तांबटाचं. आवाजाची तक्रार कायम दुसऱ्यावर जायची, कारण तो भांडखोर. पण घागर ठोकत असायचे दत्तोबा. मला घरात बसून कळायचं, त्यांचा हातोडा दमानं पडतो."

"मग सांगितलंत कुणाला?"

"नाही. तो खरंच भांडखोर होता."

नियाज हसला — आणि पोहे अर्धे टाकून उठला. पुण्यात याला गंभीर लक्षण समजतात.

त्याच्या खोलीत त्यानं कालची मोजणी उघडली. आलेख देखणा दिसावा म्हणून त्यानं प्रकाशाच्या दहा-दहा सेकंदांच्या गठड्या बांधल्या होत्या. तो थबकला.

"दहाची गठडी... आणि ठोका सातचा."

"ठोक्यावरून इस्त्री फिरवलीत," ती म्हणाली. या वेळी हळू.

त्यानं गठड्या सोडल्या. आलेख खडबडीत झाला. मग सात-सात सेकंदांचे तुकडे त्यानं एकावर एक घडी घालून रचले, आणि मधोमध एक उंचवटा उठला. दत्तोबांचा हातोडा पडावा तसा, दमानं.

तिचा हात त्याच्या खुर्चीच्या पाठीवर होता. तो काढायचं तिला सुचलं नाही, त्यानं सुचवलं नाही.

"कालची सूचना तुमच्या नावावर आहे," ती म्हणाली. "जगभर..."

"चूकही माझ्याच नावावर जाईल." त्यानं लिहिलं: 'कालची ओळख चुकीची होती. चूक माझी. खरा स्रोत शहजादी तांबोळी यांनी ओळखला.' अशा सूचनांचं शेवटचं वाक्य रिवाजानं ठरलेलं असतं. तेही लिहिलं आणि पाठवून दिलं.

संध्याकाळी दुर्बीण वळवायचं ठरलं. सुनीतीताईंचा निरोप आला, 'विषय तोच राहू दे.'

दुसऱ्या दिवशी पोह्यांच्या रांगेत पुढची पाठ चुरगळलेली होती.

"इस्त्रीवाला रजेवर?"

"मुद्दाम. गुळगुळीत केलं, की महत्त्वाचं दिसत नाही म्हणे." तो वळला. कॉलरची एक बाजू वर होती, आवाज खाली. "तुम्ही मला... फार आवडलात, शहजादी. काल, भांडत असतानाच."

तिनं कॉलर नीट केली. सुरकुत्या राहू दिल्या.

"एका दिवसात ओळख पटवायची घाई तुम्हाला भोवलेली आहे."

"मग काय करू?"

शहजादीनं पोह्यांची बशी उचलली आणि त्याच्याच सूचनेतलं शेवटचं वाक्य, एक अक्षर न बदलता, म्हणून दाखवलं.

"पुढील निरीक्षणांचे स्वागत आहे."