भगवंतरावांच्या पेशी घरी आल्या

"मरणाला घराबाहेर काढणारा पहिला माणूस या आदिलाबाद जिल्ह्यात निघाला, हे इतिहासाला लिहून ठेवावंच लागेल!"

बोथच्या बसस्टँडवर भगवंतरावांनी ही घोषणा केली. चहाच्या गाड्यावरचा चंपतराव शांतपणे म्हणाला, "इतिहासाचं पाहू भाऊ, तुमी आधी तो मास्क वर करा. चहात बुडून राह्यला."

मास्क खरोखरच बुडाला होता. भगवंतरावांनी तो पिळला, झटकला, पुन्हा हनुवटीला लावला आणि राहिलेलं भाषण पूर्ण केलं.

त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात हाच माणूस टमाट्याचं कॅरेट उचलताना खाली बसला होता. मानेत आणि काखेत गाठी आल्या होत्या, लहान वांग्यांएवढ्या. भाजी पिकवणाऱ्याला दुसरी उपमा सुचत नाही. हैदराबादच्या दवाखान्यात निदान झालं, लसिकाग्रंथींचा कॅन्सर. औषधं झाली, केस गेले, गाठी विरल्या आणि पाहुण्यांसारख्या परत आल्या. मग तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मुळातच हळू आवाज आणखी हळू करून सांगितलं की आता एकच उपाय उरला आहे. तो लागू पडला नाही तर पुढच्या संक्रांतीचा विचार करू नका.

उपाय काय, ते मुलीनं, तेजस्विनीनं समजावलं. ती हैदराबादलाच सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती.

"बाबा, आपल्या रक्तात राखणदार पेशी असतात. तुमच्या राखणदारांना रोग दिसत नाही, कारण तो तुमच्यातूनच उठला आहे. त्यांना बाहेर काढायचं, प्रयोगशाळेत प्रत्येकाला हुकासारखा एक नवा आकडा बसवायचा आणि परत सोडायचं. रोगाच्या पेशीवर एक खूण असते. आकडा त्या खुणेत अडकला की काम संपलं."

"अन् तेच निशाण चांगल्या पेशीवर असलं तं?"

"काहींवर असतं. त्याही जातात. राखणदाराला चांगलं-वाईट कळत नाही, बाबा. त्याला फक्त खूण कळते."

"म्हंजे सरकारी माणूसच झाला की," भगवंतराव म्हणाले, आणि होकार दिला.

एका हातातून रक्त यंत्रात गेलं, हव्या त्या पेशी तिथे थांबल्या, उरलेलं दुसऱ्या हातातून परत आलं. थांबलेल्या पेशी विमानानं दुसऱ्या शहरात गेल्या. भगवंतरावांना फक्त एवढंच लागलं की आपण जन्मात विमानात बसलो नाही आणि आपलं रक्त मात्र खिडकीजवळची जागा पटकावून गेलं.

काही आठवड्यांनी पेशी तयार होऊन, गोठून, परत आल्या. आणि इथे बायकोचा, मथुराबाईंचा हात लागला.

मथुराबाईंच्या माहेरी एक रीत होती. माहेर म्हणजे बोथचं हेच घर. भगवंतराव नार्नूरहून घरजावई म्हणून आलेले. घरचं माणूस बरेच दिवस परगावी राहून आलं की त्याला उंबऱ्यावर अडवायचं. भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचं. मग विचारायचं, "कोण आलं?" त्यानं म्हणायचं, "घरचंच." मग घरच्या बाईनं म्हणायचं, "घरचं असशीन तं आत ये, अन् घरात परकं दिसन ते बाहेर काढ." एवढं झालं की चहा.

नर्स प्रणिता बर्फाच्या वाफेतून निघालेली ती पिशवी घेऊन खोलीच्या दाराशी आली, तेव्हा दारात मथुराबाई उभ्या होत्या. हातात डबा, डब्यात ज्वारीची भाकर.

"अम्मा, जरगंडी," प्रणिता म्हणाली. सरका बाजूला.

"थांब वो बाई. दुसऱ्या गावाहून येऊन राह्यले ते." त्यांनी पिशवीवरून तुकडा ओवाळला. "कोण आलं?"

पिशवी गप्प.

"अम्मा, हे विरघळलं की लगेच द्यावं लागतं!"

"मंग त्यायले म्हणा, बोला. कोण आलं?"

पलंगावरून भगवंतराव कण्हत ओरडले, "घरचेच हाय! येऊ दे नं त्यायले!"

"तुमी काऊन बोलता? मी तुमाले नाही विचारलं."

"त्यायले तोंड नाही, मथुरा!"

मथुराबाईंनी क्षणभर विचार केला, हा मुद्दा मान्य केला आणि उरलेलं वाक्य पिशवीकडे पाहत नीट, एकेक शब्द सुटा करून म्हटलं. तुकडा दवाखान्याच्या लाल डब्यात गेला. पिशवी नळीला लागली. मुठीएवढीच होती ती. थोड्याच वेळात रिकामी झाली, आणि खोलीत उकडलेल्या मक्याचा दाट वास भरला. गोठवताना घातलेल्या औषधाचा वास असतो, सगळ्यांनाच येतो, असं प्रणिता म्हणाली.

नंतर ताप चढला. तो चढणारच होता. आत लढाई जुंपल्याची ती खूण, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अशा तापात डोकं ठिकाणावर आहे ना, हे पाहायला प्रणिता रोज नाव विचारायची. रोज उत्तर बरोबर यायचं. ताप सर्वांत जास्त होता त्या सकाळी भगवंतरावांनी डोळे उघडले आणि शांत आवाजात म्हणाले, "आमी."

"आमी कोण?"

"आमी घरचे."

मराठीत मोठी माणसं स्वतःला असंच म्हणवतात, असं तेजस्विनीनं प्रणिताला सांगितलं. ते खरंही आहे. फक्त भगवंतराव तसे कधी म्हणत नसत.

ताप उतरला. गाठी विरल्या. तपासणीच्या चित्रात जिथे दिव्यांची माळ लागलेली असायची तिथे स्वच्छ अंधार आला. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या. "काहीच शिल्लक नाही," त्या म्हणाल्या. "आणि त्या पेशी अजून आत आहेत. वर्षानुवर्षं राहू शकतात. पहारा देतील."

बोथला ढोल वाजले. भगवंतराव बसमधून उतरले ते, घोषणा झाल्यावर, चालत घरी गेले, आणि टमाट्याचं कॅरेट स्वतः उचलून दाखवलं. मथुराबाई मागे वळून रडल्या.

आठवडाभरानं, एका सकाळी, अंगणात शेजारच्या पंचफुलाबाईंची कढई सापडली. दिवाळीला मागून आणलेली, परत करायची राहिलेली. ती फाटकाकडे कान करून, घासूनपुसून ठेवली होती. अंगणात उकडलेल्या मक्याचा वास होता. मका कोणी उकडला नव्हता.

"तुमी ठेवली?" मथुराबाईंनी विचारलं.

"मी कढई कवा उचलली हाय?" भगवंतराव म्हणाले. या एका बाबतीत त्यांच्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

पुढच्या दिवसांत कोणाचा तरी विळा निघाला. मग एक छत्री, मग लग्नात आलेली आणि राहून गेलेली मंडपवाल्याची खुर्ची. सगळं एका रांगेत, तोंड रस्त्याकडे. तेजस्विनी सुट्टीवर आली होती. तिनं रोज संध्याकाळी दाराला कुलूप घालून किल्ली उशाखाली ठेवली, ओसरीभर पीठ चाळून पसरलं. सकाळी कुलूप तसंच होतं. पीठही तसंच होतं, पाऊल नाही की ओरखडा नाही. वस्तू बाहेर होत्या. ती शिकलेली मुलगी. तिनं पीठ झाडून घेतलं आणि पुन्हा पसरलं नाही.

मग घरातली वाळवी गेली. उंदीर गेले. कोठीतल्या धान्यातली कीड एका सकाळी उंबऱ्याबाहेर काळ्या रेघेसारखी पडलेली दिसली. मथुराबाईंनी ती झाडली आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, "कामाचे हाय हो."

खरा विजय झाला तो उद्धवरावांच्या बाबतीत. हे भगवंतरावांचे चुलतभाऊ, बेल्लमपल्लीच्या खाणीतून निवृत्त झालेले. आजाऱ्याची विचारपूस करायला म्हणून आले होते आणि आजारी बरा झाला तरी विचारपूस संपत नव्हती. एका सकाळी ते अंगणात जागे झाले. खाटेसकट, पांघरुणासकट. पायाशी बॅग भरलेली, मोजे घडी करून बुटात खोचलेले.

"भगवंता, असं तोंडावर सांगितलं असतं तं गेलो नसतो का मी?"

"नसते गेले, भाऊ," भगवंतराव प्रामाणिकपणे म्हणाले.

उद्धवराव पहिल्या बसनं गेले. त्या दिवशी मथुराबाईंनी पुरण घातलं.

गावात बोलबाला झाला. लोक ओट्यावर येऊन बसू लागले. आमच्याही घरी दोन दिवस राहून जा, म्हणू लागले. एका बाईनं तर जावेचं नाव चिठ्ठीवर लिहून आणलं. भगवंतरावांनी मान ताठ ठेवून सर्वांना नकार दिला. हैदराबादचं विज्ञान आणि बोथची भाकर, असं त्यांचं सूत्र ठरून गेलं होतं, आणि आरोग्य असं की तिशीतल्या माणसानं लाजावं.

तेजस्विनीनं मात्र डॉक्टरीणबाईंना फोन लावला. कढईबद्दल काही बोलली नाही. फक्त विचारलं, या पेशींना थांबवता येतं का?

"येतं," फोनमधला हळू आवाज म्हणाला. "औषध आहे. पण उद्या रोग परतला तर मग माझ्या हातात काही नाही."

तिनं ते घरात सांगितलं.

"एका खुर्चीपाई मी नवरा घालवत नाही," मथुराबाई म्हणाल्या.

"राहू द्या," भगवंतराव म्हणाले. "आपलेच हाय ते."

त्यानंतरची एक दुपार. मायलेकी वांगी तोडायला शेतात गेल्या होत्या. भगवंतरावांनी गॅसवर दूध ठेवलं, आच बारीक केली, आणि दिवाणावर जरा आडवे झाले.

जागे झाले तेव्हा अंगावर ऊन होतं.

ते अंगणात होते. खाटेवर. उशी सरळ.

पायाशी त्यांच्या चपला, टोपी, गोळ्यांचा डबा, रेडिओ. शेवटी एक लोखंडी पेटी. नार्नूरहून घरजावई म्हणून येताना आणलेली, माळ्यावर धूळ खात पडलेली. आता पुसलेली. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे.

मक्याचा वास इतका दाट होता की जिभेवर चव आली.

त्यांनी दार ढकललं. आतून कडी होती.

"मथुरा?"

मथुराबाई दूर वांग्यांच्या ओळीत वाकलेल्या दिसत होत्या. तेजस्विनी त्यांच्या शेजारी.

आत कोणीतरी दाराजवळ आलं. एक नव्हे. पावलांचा आवाज नव्हता. गर्दीत उभं राहिलं की अंगाला जाणवते तशी फक्त ऊब, लाकडाच्या पलीकडून.

"कोण आलं?"

आवाज भगवंतरावांचाच होता. फक्त खोकला नसलेला.

त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली.

"घरचंच," ते म्हणाले.

आत विचारविनिमय झाला. तो लांबला. कुजबुज म्हणावी तर शब्द नव्हते.

कडी हलली नाही.

भगवंतरावांनी श्वास भरून घेतला. छाती हलकी होती, मान मोकळी होती. अशी तब्येत त्यांना लग्नातही नव्हती. काम चोख होतं, त्यात शंकाच नव्हती. ते पेटीवर बसले.

आत दूध चढत असल्याची सळसळ ऐकू आली. ती वाढली, काठाशी आली.

मग गॅसचं बटण फिरल्याचा आवाज झाला. कट्.

भगवंतराव उठले, फटीला तोंड लावलं आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"अन् झाकण अर्धंच ठेवा जी. पुरं ठेवलं का बाई चिडते."