मिटल्या डोळ्यांचं पेन

सांगून कुणाला पटायचं नाही, आणि पटलं तर ऐकणाराच भोळा म्हणायचा. पण गिरगावात, फणसवाडीत, एका पेनानं चार वर्षं डोळे मिटून घेतले होते! होय, पेनानंच. शाईच्या, सोन्याच्या निबाच्या पेनानं. हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. कोपऱ्यात सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेल्या आजींनी तर आधीच भुवई उडवली आहे. उडवू देत. गोष्ट काही भुवईनं थांबत नाही.

तर खंडेनवमीचा दिवस. साल छप्पन्न. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, सोमा चितारींच्या खोलीत झेंडूच्या माळा ओवून झाल्या होत्या, हत्यारांची पूजा व्हायची होती, आणि तेवढ्यात धाकट्या सुनेची, बकुळाची, किंकाळी उठली...

"अगं बाई! मत्स्यावताराभोवतीचं पाणी लालभडक! मामंजी, कुणी हो केलं हे?"

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थोरली सून कौसल्या जागच्या जागी थिजली. तिच्या हातातला नैवेद्याचा वाटा कलला. काय झालं ते एका क्षणात तिला उमगलं. आणि जे उमगलं ते ओठांवर आणलं, तर समोर बसलेल्या म्हाताऱ्याच्या आयुष्यातला शेवटचा आधार कोसळणार, हेही तिला त्याच क्षणी कळून चुकलं!

आता हे सोमा चितारी कोण, ते ऐका. मूळ सावंतवाडीचे. राजेरजवाडे ज्या गंजिफा खेळत, लाखेच्या लेपाचे ते गोल पत्ते आणि त्यांवरचे दशावतार रंगवणारं त्यांचं घराणं. सोमाआजोबांची कुंचली खारीच्या केसांची, आणि टोकाला केस एकच. त्या एका केसानं त्यांनी तांदळाच्या दाण्यावर रामाचा अख्खा दरबार काढला होता, आणि दरबारात मागे उभा असलेला चवरीवाला जांभई देतोय हेसुद्धा त्यात दिसत असे! गावी त्यांनी एकदा भिंतीवर मांजर काढलं, तर आळीतले उंदीर बिऱ्हाड हलवून कुडाळला गेले. मात्र घराण्याची रीत मोठी कडक. चित्राचे डोळे सगळ्यांत शेवटी उघडायचे, आणि ते घरच्या कर्त्या पुरुषानंच. बायांनी चिंचोक्याची खळ शिजवावी, रंग घोटावेत, लाख चढवावी; कुंचलीला हात लावू नये.

त्यांचा थोरला मुलगा रमाकांत. बापाची कला पत्त्यांवरून पेनावर आणायची, ही कल्पना त्याची. ठाकुरद्वारच्या शिंत्रे पेनवाल्यांनी काळंभोर, अंगठ्याएवढं जाड पेन घडवून दिलं आणि म्हणाले, "रमाकांता, असं कर की विलायतेचा पेनवाला आपलं दुकान बंद करून कीर्तनाला लागला पाहिजे!" रमाकांतानं पेनाच्या बुडाशी मत्स्य रेखला, वर कूर्म, मग वराह, नरसिंह... असे नऊ अवतार टोपणाच्या शेंड्यापर्यंत एकावर एक चढवले. दहावा, कल्की, बाहेर कुठेच नाही. टोपण काढावं, तेव्हा लिहिणाराची बोटं जिथं टेकतात तिथं तो घोड्यावर बसलेला दिसायचा.

"जो अजून यायचाय, तो लिहिणाऱ्याच्या चिमटीत हवा," असं रमाकांत कौसल्येला म्हणाला होता. ते ऐकून तिच्या अंगावर रोमांच उभे राहिले होते.

रेखाटन पुरं झालं, आणि रंगाला हात लागायच्या आतच छप्पन्नचा तो जानेवारी उजाडला. मुंबई महाराष्ट्रापासून तोडणार म्हणून गिरगाव पेटलं. गिरगावच्या रस्त्यांवर गोळ्या सुटल्या. रमाकांत सकाळी पानसुपारी खाऊन बाहेर पडला तो परत आला चार जणांच्या खांद्यावरून...

तेराव्याला सोमाआजोबांनी ते पेन मांडीवर घेतलं आणि कोरड्या डोळ्यांनी प्रतिज्ञा केली. "ह्यां काम मी पुरां करीन. पण डोळे उघडीन ते मुंबईसकट महाराष्ट्र होयत त्याच दिवशी. तोवर माझ्या झिलाचे देव डोळे मिटून बसतले!"

मुलासाठी घेतलेल्या त्या शपथेनं सारी वाडी शहारली. पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही, ती फक्त कौसल्येच्या आली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कुंचली एकीकडे आणि रेघ दुसरीकडे! वराहाच्या सुळ्याचा रंग त्याच्या कानात जात होता, वामनाची छत्री ओघळत होती. आणि आजोबा मात्र तृप्त चेहऱ्यानं विचारत, "कसां जमलां गो?"

"सुरेख, मामंजी," ती म्हणे. आणि दुपारी ते जेवून आडवे झाले, बकुळा खालच्या मजल्यावर पापड लाटायला गेली, की ती पांढऱ्या कपाळाची पोर खिडकीखाली बसून, श्वास रोखून, सासऱ्याचे ओघळ पुसून त्यावर नवे रंग भरी! कुणी शिकवलं होतं तिला? कुणीच नाही. पंधरा वर्षं रंग घोटता घोटता ती नवऱ्याचा आणि सासऱ्याचा हात नुसता बघत आली होती. मत्स्याची खवलं तिनं अशी भरली, की खिडकीबाहेरचा कावळा काचेवर चोच आपटून बेशुद्ध पडला. हे वाडीतल्या तिघांनी शपथेवर सांगितलेलं आहे. त्यांतले दोघे दारू पीत नसत.

आणि रंगांची ओळख आजोबांना कशी पटे? तर करवंट्यांवरून. नारळाच्या करवंट्यांत रंग. डावीकडून पहिली काजळाची, दुसरी निळीची, मग पिवळ्या हरताळाची, मग लाल हिंगुळाची. कौसल्या रोज त्याच जागी त्या मांडून ठेवी, म्हणून म्हाताऱ्याचा हात न बघता नेमका जाई. त्या मांडणीवरच म्हाताऱ्याचं सारं काम चाललं होतं!

खंडेनवमीला हत्यारं धुवायची असतात. पहाटे बकुळानं मोठ्या भक्तिभावानं करवंट्या घासल्या, त्यांत ताजे रंग ओतले आणि त्या दिसायला बऱ्या दिसतील अशा पुन्हा मांडल्या. पेनाचं बाकी सारं रंगवून झालं होतं; राहिलेलं मत्स्याभोवतीचं पाणी पूजेआधी पुरं करावं म्हणून आजोबा बसले. हात निळीकडे गेला, आणि कुंचलीला लागला हिंगूळ. पाणी भरून ते आंघोळीला गेले, आणि परत येऊन बसतात तोच बकुळाची नजर पेनावर गेली...

"कोणी केल्यान?" आजोबा गरजले. "ह्यां पाणी तांबडां कोणी केल्यान?"

कौसल्येनं एकदा करवंट्यांकडे पाहिलं, एकदा त्या धुरकट झालेल्या वृद्ध डोळ्यांकडे. 'तुमच्याच हातानं झालं, मामंजी, तुम्हाला दिसत नाही...' एवढं बोलली असती तर ती सुटली असती! पण मग मुलगा गेलेला तो बाप उद्या कशासाठी उठणार होता? तिनं पदर सारखा केला.

"मी केलं, मामंजी. तुम्ही आंघोळीला उठलात तेव्हा हात लावला. चुकला."

"तू? बायलमाणसान कुंचली धरलीस? तीही ह्या पेनार?" आजोबांचा आवाज फाटला. "माझ्या झिलाचां शेवटचां काम नासवलंस गो! आजपासून ह्या खिडकीकडे फिरकू नको. रंगाक हात लावू नको. माझ्यासाठी तू... तू नायच!"

धाकटा मुलगा जयवंत खाली मान घालून उभा राहिला. बकुळा पुटपुटली, "जाऊबाईंना पहिल्यापासून हौस दांडगी." आणि कौसल्या? तिनं नैवेद्याचा वाटा देवापुढे ठेवला, हत्यारांना लांबूनच नमस्कार केला आणि स्वयंपाकघरात निघून गेली... ती चार वर्षं बाहेर आली नाही म्हणा ना!

चार वर्षं! ज्या बोटांनी देवांच्या मुकुटांत मोती जडवले, ती बोटं मसाला कुटत राहिली. सासऱ्याला रोज सकाळी चहा नेऊन द्यायची, ते कप घ्यायचे, शब्द नाही. पेन शिसवी पेटीत बंद. वाडी त्याला आंधळं पेन म्हणू लागली. शिंत्रे पेनवाले अधूनमधून जिन्यातूनच हाक मारीत, "आजोबा, डोळे उघडा की हो आता! गिऱ्हाइकं विचारतात."

"महाराष्ट्र झालो?" आजोबा आतून विचारीत.

"नाही अजून."

"मग चल चालू लाग!"

आणि अखेर तो दिवस उगवला. साठ सालचा एक मे! फणसवाडीत घराघरावर गुढ्या, दारोदार साखर, रेडिओ ओरडून ओरडून घोगरे झालेले. चौकात पाट मांडला, रांगोळी घातली. जयवंताच्या खांद्यावर हात ठेवून सोमाआजोबा जिना उतरले तेव्हा एवढी गर्दी अशी चिडीचूप झाली, की धोबी तलावावर कुणी शिंकलं तेही ऐकू आलं. पेटी उघडली. पेनावर ऊन पडलं... आणि हजार तोंडांतून एकच 'अहाहा!' निघाला. नऊ देव, बुडापासून शेंड्यापर्यंत. मुकुट, आयुधं, पितांबरांच्या निऱ्या, सारं काही होतं. फक्त डोळ्यांच्या जागा कोऱ्या. असं वाटे, की ते सगळे श्वास धरून उभे आहेत आणि कुणी हाक मारायचीच खोटी.

पण गर्दीला धास्तीही वाटत होती. आजोबांचा मोतीबिंदू एव्हाना सगळ्यांना ठाऊक झाला होता, एक त्यांनाच कबूल नव्हता. दृष्टी गेलेला तो माणूस मोहरीएवढे डोळे रंगवायला बसला होता! एक फटकारा चुकला की रमाकांताचं स्वप्न कायमचं विद्रूप... कौसल्या दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला घट्ट धरून उभी होती. तिला खाली यायची मुभा नव्हती.

बकुळा करवंट्या घेऊन आली आणि गोंधळली.

"मामंजी, ह्या कशा मांडू हो? मला मेलीला काही कळत नाही. त्या खंडेनवमीला मीच धुऊन कशाही मांडल्या होत्या, ते जाऊबाईंनी..."

ती बोलता बोलता थांबली. आजोबांची कुंचली हवेतच राहिली.

"काय म्हटलंस?"

"करवंट्या... मी मांडल्या होत्या, मामंजी. हिंगूळ पुढे आला असेल, नीळ मागे गेली असेल..." आणि मग तिलाच सगळं उमगलं, आणि तिनं तोंडात पदर कोंबला.

 आजोबांनी पेन उचललं आणि त्यावरून अंगठा फिरवू लागले. खवलांवरून, कासवाच्या पाठीवरून, नरसिंहाच्या आयाळीवरून. लाखेच्या लेपाखालची रेघन्‌रेघ त्या अंगठ्याला कळत होती. त्यांचा चेहरा बदलत गेला. आधी चकित, मग भयचकित, आणि मग देवळात गाभाऱ्याचं दार उघडल्यावर होतो तसा...

"कौसल्या खंय आसा?" ते हळूच म्हणाले.

गर्दीनं वाट दिली. ती जिना कशी उतरली ते तिलाही कळलं नाही.

"ह्यां काम कोणाचां?"

"तुमचंच, मामंजी."

"खोटां बोलू नको गो. डोळे गेले माझे, पण अंगठो आंधळो नाय. इतको हलको हात माझो कधी नव्हतो. माझ्या बापाशीचो पण नव्हतो!" त्यांनी चाचपत तिचा हात धरला. "मी तुका चार वर्सां जिवंतपणी मारलंय, आणि तू रोज माका चाय आणून दिलंस?"

"मामंजी, तुमचं काम गेलं असतं तर तुम्हीही गेला असता. एक माणूस तर आधीच..."

बकुळा धावत येऊन तिच्या पायांवर पडली. कौसल्येनं तिला उठवून उराशी धरलं. जयवंत आजोबांच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडत होता.

"मी एवढं लाल पाणी आत्ता निळं करून देते," डोळे पुसत कौसल्या म्हणाली.

"नको." आजोबांनी पेन छातीशी धरलं. "तां तसांच ऱ्हवांदे. त्या वर्साचां पाणी तांबडांच होतां."

 पुरुषांनी टोप्या काढल्या.

मग म्हाताऱ्यानं घराण्याची कुंचली, जिला सात पिढ्यांत कुणा बाईचं बोट उघडपणे लागलं नव्हतं, दोन्ही हातांवर आडवी ठेवली आणि सुनेपुढे धरली.

"उघड गो बाये. डोळे तू उघड."

"मी? मामंजी, रीत..."

"रीत माझ्या घरची. आणि घर तुझां."

कौसल्या पाटावर बसली. तिनं एकदा डोळे मिटले, कुणाची तरी मनोमन आठवण काढली, आणि कुंचली टेकवली...

आणि काय सांगावं! पहिला डोळा उघडला मात्र, मत्स्यानं शेपूट हाणली आणि त्या तांबड्या पाण्याचे शिंतोडे शिंत्र्यांच्या कोटावर उडाले! कासवानं मान बाहेर काढून गर्दी पाहिली आणि पुन्हा आत घेतली. नरसिंह नुसता गुरगुरला, तर चर्नी रोडवरची कबुतरं उडाली ती थेट वरळी कोळीवाड्यात जाऊन सुकत घातलेल्या बोंबलांवर बसली. मग तिनं टोपण काढलं, कल्कीचे डोळे उघडले, आणि त्याचा घोडा असा खिंकाळला, असा खिंकाळला, की ठाकुरद्वारच्या नाक्यावरच्या झाडून साऱ्या व्हिक्टोरियांच्या घोड्यांनी दोन पायांवर उभं राहून त्याला सलामी दिली! आणि त्या आवाजासरशी सोमाआजोबांच्या डोळ्यांवरचा पडदा टर्रकन फाटला; पापण्या थरथरल्या, प्रकाश आत शिरला, आणि तो वृद्ध दोन्ही हात उभारून ओरडला, "दिसलो! माका घोडो दिसलो!"

"खोटं!"

कोपऱ्यातल्या आजींनी सूप खाली ठेवलं होतं.

"साफ खोटं, शिवा! मामंजींना काही एक दिसलं नाही. माझं मनगट धरून त्यांनी कानाशी विचारलं, 'झालां गो? कसां दिसता?' मी म्हटलं, 'ह्यांनी काढल्यासारखं दिसतंय, मामंजी.' तेव्हा चार वर्षांत पहिल्यांदा ते हसले. मेल्या, एवढं सोडून घोडे कसले नाचवतोस!"