हात ठेवजो

सकाळचे अकरा. रायपूरच्या पुरानी बस्तीतली एक गच्ची. वारा जोराचा होता, आणि कागद जागचा हलला नव्हता.

एवढं खरं आहे. तो कागद अजून देवीदासकडे आहे.

देवीदास रेल्वेतून निवृत्त झालेला. बायको विमला मागच्या पावसाळ्यात गेली. मुलगी ईरा बंगळुरूला. बाबा दिवसभर भिंतीकडे पाहत बसतात, म्हणून तिने रसायनाच्या दोन बाटल्या कुरियरने पाठवल्या आणि फोनवर शिकवलं. दोन्ही मिसळून अंधाऱ्या खोलीत कागदाला लावायचं. वाळला की वर पान ठेवायचं, काचेने दाबायचं, उन्हात ठेवायचं, मग धुवायचं. ऊन लागेल तिथे निळं, झाकलेलं तेवढं पांढरं. कॅमेरा लागतच नाही.

"पापड़ जैसे सुखा दो, बाबा."

पापडच नडले.

त्या दिवशी कागदावर कडुनिंबाची डहाळी ठेवली, आणि काच खालीच राहिल्याचं लक्षात आलं. कागद फडफडू लागला. पापड वाळत घालताना तो विमलाला जे म्हणायचा, तेच तोंडून निघून गेलं.

"हात ठेवजो वं. आलोच मी."

तो जिन्यात पोचला, आणि फडफड थांबली...

वारा थांबला नव्हता. दोरीवरची लुंगी उडतच होती.

कागद धुतल्यावर डहाळी उमटली. आणि कोपऱ्यावर...

चार बोटं. पांढरी.

त्या दुपारी देवीदास कित्येक महिन्यांनी पोटभर जेवला. ईराला फोटो पाठवला, फोन केला.

"पाह्य बाई, तुही आई."

तिने फोटो मोठा करून पाहिला.

"मम्मी की छोटी उंगली टेढ़ी थी ना, बाबा?"

लहानपणी दारात चेंगरलेली. वाकडीच राहिली होती.

कागदावरची चारही बोटं सरळ होती.

ईराने बाटल्या फेकायला सांगितल्या. तो हो म्हणाला, आणि त्या कपाटात ठेवल्या. मग पुन्हा तेच दिवस. एक कप चहा. बाहेर पडताना "येतो" म्हणायलाही घरात कोणी नाही.

परवा रविवारी तो रसायन लावलेला नवा कागद घेऊन वर गेला. पान नाही, काच नाही. आपला डावा तळवा कागदावर ठेवला.

"हात ठेवजो," तो म्हणाला.

या वेळी विमलासाठीचं 'वं' म्हटलं नाही.

कागद धुऊन दोरीला लावलेला आहे. त्यावर दोन हात आहेत, शेजारी शेजारी.

दोन्हींच्या मधे निळी रेघ नाही. ऊन शिरेल एवढीही फट नव्हती.