भोकं पडलेली पानं

फाटकावर ‘फुलपाखरांची बाग’ अशी भलीमोठी पाटी ठोकणाऱ्या साहेबांनी कधी बागेत येऊन एखादं पान उलटून पाहिलं होतं का? मुळीच नाही! खुर्चीतून उठायचं, गाडीत बसायचं, गाडीतून उतरायचं, पुन्हा खुर्चीत बसायचं. बागेत एवढी फुलं असून फुलपाखरं का नाहीत, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. तो पडला तीन पोरांना. तोही ऐन सुट्टीत!

“गेल्या! याही झुडपावरच्या सगळ्या अळ्या गेल्या!” लिंबाच्या झुडपासमोर उकिडवी बसून ठिणगी ओरडली.

ठिणगीचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत यायचं. घरात आणि गल्लीत ती ठिणगीच. तिच्या मागे तिचा धाकटा भाऊ बटाट्या बिस्किट खात उभा होता आणि त्याच्या मागे मावसबहीण गुणी. गुणी सुट्टीपुरती राहायला आली होती. ‘किती गुणी पोर!’ असं आईनं पहिल्याच दिवशी म्हटलं आणि ते नाव तिला चिकटलं. तेव्हापासून ठिणगीच्या पोटात जे दुखायला लागलं, ते थांबलंच नव्हतं.

संग्रहालयातल्या ताईंनी गावातली फुलपाखरं आणि पतंग मोजायला मुलं गोळा केली, तेव्हा सगळ्यांत आधी हात वर केला होता ठिणगीनं. सकाळी दिव्याखालच्या भिंतीवर झोपलेले पतंग मोजायचे, मग पानं उलटून अळ्या, मग ऊन चढलं की फुलांवरची फुलपाखरं. हे सगळं ठिणगी आधी शिकली. आणि गुणी आली, तिनं चार दिवसांत पतंगांची अशी काही चित्रं काढली की ताई म्हणाल्या, “वा! डोळे आहेत की भिंग?”

ठिणगीला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

त्यात आता बाग बघायला मोठ्या बाई येणार होत्या. सगळ्या बागांच्या वरिष्ठ अधिकारी! त्यांना बाग दाखवायला मुलांपैकी एकाचीच निवड ताई करणार होत्या. ठिणगीला ती जागा हवी होती. अगदी झोपेतसुद्धा हवी होती.

“काल संध्याकाळी किती होत्या!” बटाट्या म्हणाला. “त्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या बारक्या. आणि ती हिरवी जाडी! तिला जरा डिवचलं की डोक्यातून नारिंगी शिंगं काढायची. काय वास यायचा!”

“पक्ष्यांनी खाल्ल्या असतील,” गुणी हळूच म्हणाली.

“पक्षी पानं पण खातात वाटतं?” ठिणगी फिसकारली. “बघ ना, कुरतडलेलं एक पान शिल्लक नाही. कुणीतरी पानांसकट नेल्यात. काल तुझ्याकडे डबा होता ना गं?”

“रंगांचा होता.”

“हो का! रंगांचा!”

गुणीनं तिच्याकडे सरळ बघितलं. “तुला माझा राग येतो ना? मग तसं सांग की. अळ्यांच्या आड कशाला लपतेस?”

ठिणगीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गुणी अंथरुणातून उठली आणि चपला हातात घेऊन बाहेर पडली. ठिणगी जागीच होती. तिनं बटाट्याला चिमटा काढला. “ऊठ! चोर निघाला!”

“चोराला नाश्ता करून नाही का पकडता येणार?” बटाट्या कुरकुरत निघाला.

गुणी बागेत शिरली आणि रुईच्या झुडपामागे दबा धरून बसली. पानांना हात लावला नाही, डबा काढला नाही. नुसती बसली. ठिणगी पाठीमागून गेली आणि तिनं तिचा दंडच धरला.

“सापडलीस!”

“तूच सापडलीस!” गुणी फणकारली. “मला माहीत होतं तू येणार! माझ्यावर ढकलायला अळ्या तूच लपवतेस!”

“मी? अगं, मी तुला पकडायला आलेय!”

“आणि मी तुला!”

बटाट्या खो खो हसत सुटला. तेवढ्यात कच् कच् असा आवाज आला. तिघंही खाली वाकले.

माळीकाका! एका हातात कात्री, दुसऱ्या हातात पोतं. भोक पडलेलं पान दिसलं की कच्! पान पोत्यात. त्यावर चिकटलेली अळीही पोत्यात!

“काका!” ठिणगी उसळून पुढे आली. “काय करताय हे?”

“बाप रे! दचकवलंत की!” काकांनी कात्री छातीशी धरली. “काय करतोय म्हणजे? हुकूम आहे. भोक पडलेलं एक पान दिसता कामा नये. मोठ्या बाई येणार, बाग कशी ताजीतवानी पाहिजे.”

“अहो, पण या अळ्यांचीच फुलपाखरं होतात!” गुणी कळवळली.

“ते मला सांगून काय उपयोग? साहेबांना सांगा.”

पोत्यातल्या अळ्या पुन्हा झाडांवर सोडून, कचेरी उघडताच तिघं साहेबांसमोर उभी राहिली. साहेबांनी चहाच्या कपावरून बघितलं.

“अळ्या म्हणजे कीड. कीड कुठे दाखवायची असते का पाहुण्यांना?”

“मग फुलपाखरं कुठून येणार, साहेब?” गुणीनं विचारलं.

“बाहेरून! फुलं आहेत ना? येतील! जा, खेळा.”

कीड! ज्या माणसाच्या हाती बाग दिली, त्याला एवढंही ठाऊक नसावं? ठिणगी पाय आपटत बागेत परतली. बटाट्या दमून एका बाकावर बसायला गेला, तोच माळीकाका लांबून ओरडले, “ए, थांब! ओला रंग आहे! पिवळी पट्टी दिसत नाही? पट्टी बांधली की हात लावायचा नाही. आम्हीसुद्धा नाही! साहेबांचाच नियम आहे.”

ठिणगी थबकली. मग हसली. मग थेट कचेरीत परत गेली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, “साहेब, ताईंच्या मोजणीसाठी झाडांवर खुणा करायच्यात. पिवळी पट्टी मिळेल?”

“घ्या, घ्या! फोटोत उठून दिसेल,” साहेब खूश होऊन म्हणाले.

दुपारपर्यंत कुरतडलेल्या प्रत्येक झुडपाला पिवळी पट्टी! माळीकाकांनी ते पाहिलं, पोरांकडे पाहिलं आणि मिशीत हसत कात्री खिशात घातली. “पट्टी आहे बुवा. माझा नाइलाज.”

“हे मला जन्मात सुचलं नसतं,” गुणी म्हणाली. तिच्या आवाजात बारीकशी जळजळ होती. ठिणगीनं ती बरोबर ओळखली आणि तिला फार, फार बरं वाटलं!

पण मोठ्या बाई आल्या त्या दिवशी बाग दाखवायला ताईंनी नाव घेतलं ते गुणीचं. ठिणगी मागे उभी राहिली, फ्रॉकचं टोक पिळत.

“या पट्ट्या कसल्या?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“मुलांचा उपक्रम, मॅडम! माझ्याच मार्गदर्शनाखाली!” साहेब पुढे सरसावले. मग त्यांचं लक्ष पानांकडे गेलं. भोकं, जाळ्या, अर्धी खाल्लेली पानं आणि त्यावर मजेत चरणाऱ्या गलेलठ्ठ अळ्या! “हे काय? माळी! ही पानं रोज सकाळी कापायला सांगितली होती ना मी?”

“रोज सकाळी कापायला?” मोठ्या बाई थांबल्या. “अळ्यांसकट?”

मोठ्यांना उलटं बोलायचं नाही, हे गुणीच्या हाडामाशात होतं. तिनं मागे वळून ठिणगीकडे बघितलं आणि तिचा हात धरून तिला पुढे ओढलं.

“हिला विचारा,” गुणी म्हणाली. “हिनंच वाचवल्या.”

मग ठिणगीनं सांगितलं. कात्री, पोतं, कीड, पट्टी, सगळं! मोठ्या बाईंनी वाकून लिंबाचं पान उलटलं. जाड्या हिरव्या अळीनं नारिंगी शिंगं बाहेर काढली आणि बाई दचकून मागे सरत हसल्या.

“शाबास, पोरींनो! आमच्या डोळ्यांदेखत हे चाललं होतं आणि आम्हाला पत्ता नाही. आणि तूही रे, बिस्किटवाल्या!”

ताईंनी ठिणगीच्या पाठीवर हात ठेवला. “डोकं आहे की धारदार कात्री!”

अजूनही ठिणगीला वाटत होतंच की गुणीची चित्रं आपल्याला यायला हवी होती. ते काही एका शाबासकीनं जाणार नव्हतं. पण त्याहून मोठा राग तिच्या डोक्यात होता. साहेब पाहुण्यांच्या आडून हळूच गाडीकडे सरकत होते. ती त्यांच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

“साहेब, थांबा. मोठ्या बाई आता जातील. आमची सुट्टीही संपेल. मग या पट्ट्या तुम्ही काढणार आणि काकांना पुन्हा कात्री लावायला सांगणार का? हो की नाही? सगळ्यांसमोर सांगा!”