बसून ऐकलेलं राष्ट्रगीत

खुर्ची करकरली आणि हेस्टरच्या छातीत धस्स झालं!

वाद्यवृंद थांबला. चॅपलभर, त्या लहानशा चर्चभर, गायक बसलेले... आणि उभी एकटी हेस्टर. देशभक्तीच्या गाण्यांच्या रेकॉर्डसाठी राष्ट्रगीत नुसतं वाद्यांवर घ्यायचं होतं. गायकांनी मुकाट बसायचं, असं तीनदा बजावलं होतं. पण तिचे वडील जुने सार्जंट. रेडिओवर राष्ट्रगीत लागलं की हातातला घास टाकून उठणारे! लेकीचे पायही पहिल्याच सुराला सरळ झाले होते.

“आता एकदाच घेता येईल, हेस्टर!” गायकवृंदाचे प्रमुख मिस्टर ऑग्डन कडाडले. “चारला वादकांची लंडनची गाडी आहे. पुन्हा उठलीस तर गाठ माझ्याशी आहे!”

शेजारच्या खोलीतून ध्वनिमुद्रण करणारा तरुण आला. कॅलम थ्रेलफॉल... हे नाव तिला सकाळीच पाठ झालं होतं.

“एवढी देशभक्त कोण? राणीसाहेबांना कळवतो.”

“नका हो. आधीच मेल्याहून मेल्यासारखं झालंय.”

हसत त्याने गळ्यातला मफलर काढला, घडी केली आणि करकर होऊ नये म्हणून तिच्या खुर्चीच्या पायांखाली सारली.

“मी पुन्हा उठेन,” ती कुजबुजली. “मला माझे पाय ठाऊक आहेत.”

“मग माझ्याकडे बघत बसा. त्या खोलीच्या काचेतून.”

“आणि तुम्ही यंत्रांकडे कधी बघणार?”

“ते... बघू.”

बाहेर आभाळ काळवंडत होतं. दगडी पाट्यांच्या छपरावर सर आली, तर तिचा आवाज टेपमध्ये शिरून सगळंच पाण्यात. ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लागला. तिने काचेकडे नजर लावली. पलीकडून त्याचा तळहात सांगत होता, खाली... खाली. तिने खुर्चीची कड घट्ट धरली. राष्ट्रगीतामुळे की त्या डोळ्यांमुळे, देव जाणे!

शेवटचा सूर छताशी विरला. कुणी श्वास घेईना. अखेर दिवा विझला आणि मिस्टर ऑग्डननी कपाळ पुसलं.

हेस्टरची नजर मात्र काचेवरच होती. आता तोही जाणार. ती मफलर उचलून धावत बाहेर गेली. तो भुरभुर पावसात व्हॅनमध्ये सामान भरत होता.

“हा... राहिला होता.”

त्याने खिशातून टेपचा हातभर तुकडा काढला.

“हे तुमचं. बिघडलेल्या टेपमधली करकर. पुसायला जीव होईना.”

“वेडेच आहात! ही ऐकायची कशी?”

“यंत्र लागतं.” त्याचे कान लाल झाले. “शनिवारी... घेऊन येऊ? तुमच्या घरी?”

तिने मफलर आपल्याच गळ्यात गुंडाळला.

“त्यात राष्ट्रगीताचे दोन सूर असतील ना? बाबा उठून उभे राहतील.”

“मग मीही उभं राहायचं?”

“छे!” हेस्टरने पहिल्यांदाच काचेशिवाय त्याच्या डोळ्यांत पाहिलं. “तुम्ही माझ्याकडे बघत बसा.”