अंधारपंगतीचं मागचं दार

"भैरवे, चोरून बॅटरी लावलीस व्हय?" अंधारातून समृद्धीचा आवाज आला.

"नाही गं!"

"मग एकदम सरळ कशी चालाय लागलीस? आत्तापातूर तर खांबाखांबाला टकरा देत होतीस!"

मुकुल फिस्सकन हसला. भैरवीनं निमूटपणे मोबाईलची बॅटरी विझवली. दुपार कलली होती, पण गोदामाच्या खिडक्यांना, झरोक्यांना काळं कापड ठोकलेलं. आत इतका काळोख की डोळे उघडे ठेवा नाहीतर मिटा, फरक शून्य! आणि भैरवीला अंधाराची भीती वाटायची. बारा वर्षांची झाली तरी तुळजापुरातल्या घरी ती उशाशी दिवा ठेवूनच झोपायची. हे तिनं इथं कुणाला सांगितलं नव्हतं. मुकुलला तर मुळीच नाही, त्यानं सुट्टीभर पिडलं असतं.

मुकुल तिचा मावसभाऊ, तेर गावचा; सुट्टीला ती त्याच्याच घरी आली होती. जितका बडबड्या तितकाच खादाड. समृद्धी त्याच्याच गल्लीतली. ती जन्मापासून अंध, शहरात अंधांच्या शाळेत आठवीला, आणि जिभेला धार अशी की समोरच्यानं जपूनच बोलावं. तिचे आजोबा बब्रुवानआबाही अंध. गावातल्या 'सोबती अंध मंडळा'चे ते प्रमुख. मंडळाचे लोक खुर्च्या विणायचे, पण गेल्या वादळात त्यांच्या शेडचे पत्रे उडाले आणि काम उघड्यावर आलं. म्हणून आबांनी ही नामी युक्ती काढली होती : अंधारपंगत! पाहुण्यांनी देणगी द्यायची, मोबाईल दाराशी ठेवायचे आणि काळोखात बसून हुरडा, गूळ, दही, शेंगदाण्याची चटणी खायची. वाढणार मंडळाचे लोक. आज संध्याकाळीच पंगत होती, आणि मंडळाच्या मदतीला म्हणून ही तिघं वाढपाच्या तालमीला आत शिरली होती.

"दोरी सोडू नका," समृद्धी म्हणाली. "ह्या दारापासनं त्या दारापातूर आबांनी सोता बांधलीय. पाहुण्यांनी हिलाच धरून बाहेर पडायचं. दोन्ही दारं मोकळी असल्याबिगर पंगत बसायची न्हाय, आबांचा नेमच हाय."

तिघं दोरी धरून पुढं सरकली. समृद्धी पुढं, मुकुल मध्ये, भैरवी शेवटी. आणि अचानक समृद्धी थांबली. मुकुल तिच्यावर आदळला, भैरवी मुकुलवर.

"काय झालं?"

उत्तराऐवजी दोरीला दोन हिसके बसले. समृद्धी गप्प बसते म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

"दोरी वळलीय," ती हळूच म्हणाली. "काल सरळ मागच्या दाराला जात होती. आता हिकडं भिंतीकडं गेलीय. आन् ही गाठ आबांची न्हाय. आमची खुर्चीच्या वेताची गाठ असती. ही तर बैल बांधल्यागत बांधलीय."

"मग दार कुठं गेलं?" मुकुलनं विचारलं. त्याचा आवाज चिरकला होता.

भैरवीनं पुढं होऊन हात केला. दार असायला हवं तिथं हाताला कडबा लागला. कडब्याच्या पेंढ्यांचा ढीगच! पेंढ्यांमधून हात आत घातला तर खोकी. एकावर एक, तिच्या डोक्याच्याही वर गेलेली.

तेवढ्यात पुढचं दार करकरलं.

"खाली बसा!" समृद्धी कुजबुजली.

कुणीतरी आत आलं. जड पावलं दोरीच्या कडेनं सरळ त्यांच्याच दिशेनं येत होती. आणि त्या पावलांबरोबर अंधारात एक लाल ठिपका येत होता. वर जायचा, रसरसायचा, खाली यायचा. भैरवीचे दात वाजायला लागले. तिनं तोंडावर हात दाबला. भूत असलं तर 'रामराम' म्हणायचं की नाही, असं काहीबाही तिच्या डोक्यात आलं.

"बिडी," समृद्धी तिच्या कानाशी लागली. "वास येतोय. भुताला बिडी परवडत न्हाय."

ठिपका त्यांच्यापासून चार हातांवर थांबला. मोबाईलच्या निळसर उजेडात एक मिशाळ चेहरा दिसला. भागवतरावांचा गडी, गोरोबा! भागवतराव म्हणजे गोदामाचे मालक आणि आजच्या कार्यक्रमाचे स्वागताध्यक्ष.

"व्हय मालक," गोरोबा फोनवर सांगत होता, "समदी खोकी मागच्या दाराला लावलीत. वरनं कडबा टाकला. दोरीबी वळवली. कुणाच्या बापाला पत्ता लागत न्हाय. पाहुणे बाहीर आले की धडाडधूम! बगा तुमी."

धडाडधूम? मुकुलनं भैरवीचा दंड इतका घट्ट धरला की तिला ओरडावंसं वाटलं. गोरोबानं फोन ठेवला, बिडीचा शेवटचा झुरका घेतला, थोटूक भिरकावलं आणि आला तसा निघून गेला.

तिघांनी श्वास सोडला. सोडला आणि पुन्हा धरला. कारण लाल ठिपका गेलाच नव्हता. तो कडब्यात पडला होता. बघता बघता एका ठिपक्याचे तीन झाले, मग बारीकशी पिवळी जीभ वर आली. त्या उजेडात एका खोक्यावरचं चित्र भैरवीला स्वच्छ दिसलं : सुतळी बॉम्ब. त्याखालच्या खोक्यावर अनार. त्याखाली बाण.

"आग!" ती किंचाळली. "समृद्धी, फटाके आहेत! खोकीच्या खोकी! कडबा पेटलाय!"

"पळा!" मुकुल ओरडला. पुढचं दार उघडं होतं. तिथून उजेडाची फट दिसत होती. भैरवीचे पाय त्या फटीकडं वळलेसुद्धा.

पण समृद्धी उलट दिशेला गेली होती! "हात धुवायचे रांजण डाव्या भिंतीला हायत!" तिचा आवाज काळोखातून आला. "म्या पाणी देते! ओतायचं कुठं ते तुला दिसतंय! थांब!"

भैरवी थांबली. आयुष्यात इतकी ती कधीच घाबरली नव्हती. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, धुरानं आणि भीतीनंही. समृद्धीनं पाण्यानं भरलेली घागर तिच्या हातात कोंबली. भैरवी ज्वाळेजवळ गेली. सुतळी बॉम्बच्या खोक्याचा कोपरा काळवंडायला लागला होता. तिनं डोळे गच्च मिटले, मग 'मिटून कसं चालेल, गधडे!' असं स्वतःलाच दरडावत उघडले आणि घागर उपडी केली.

फस्सस्स!

"आणखी!" तिनं हाक दिली. दुसरी घागर आली. तिसरी मुकुलनं आणली. दारापर्यंत पळालेला मुकुल परत आला होता, रडत रडत का होईना! पेंढ्या चिंब होईपर्यंत तिघांनी पाणी ओतलं. मग पुन्हा सगळा काळोख झाला, आणि पहिल्यांदाच भैरवीला तो काळोख बरा वाटला.

बाहेर गोदामासमोर आगटी पेटली होती. बब्रुवानआबा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजायला देत होते. पाहुण्यांच्या गाड्या यायला लागल्या होत्या. तिघं धापा टाकत पोचली आणि एकदमच बोलायला लागली.

"फटाके?" पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले भागवतराव मोठ्यानं हसले. "अहो वनमालाताई, तुमचं पोरगं आणि भाची लईच भित्री! आत कडबा आहे, कडबा. पोरांना अंधारात भुतं दिसतात."

वनमालामावशी म्हणजे मुकुलची आई, गावातल्या शाळेत शिक्षिका, आणि आजच्या सगळ्या धावपळीची सूत्रं तिच्याच हातात. ती घोटाळली. एकीकडं पोरांचे काळवंडलेले चेहरे, दुसरीकडं फाटकाशी पाहुणे.

"उघडून दाखवा की!" भैरवी म्हणाली.

"उजेड आत नेला की अंधाराची सगळी गंमत जाईल, बाळा. पाहुणे आले! ताई, चला, पंगत बसवू." भागवतराव घाईघाईनं पुढं झाले.

भैरवीच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. गोदामभर माणसं, मिट्ट काळोख, दोरी धरून जो तो भिंतीशी येऊन थडकतोय, आणि कडब्यात कुठंतरी एखादी ठिणगी विझायची राहून गेलेली. तिनं मुकुलच्या कानात काहीतरी सांगितलं. मुकुल आगटीच्या मागं पळाला.

"बरं झालं कडबाच आहे ते, काका!" भैरवी सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "आम्ही पाणी सांडून तो भिजवलाय. आता पाहुण्यांच्या अंगाला लागेल. मुकुल निखारे नेऊन शेकवणार आहे. लगेच वाळेल!"

"सरका, सरका! निखारे आले!" डोक्यावर झाकलेलं घमेलं घेऊन मुकुल गोदामाकडं सुसाट सुटला.

"ए! ए पोरा!" भागवतरावांचा चेहरा सदऱ्याहून पांढरा पडला. "थांब! धरा त्याला! नको नेऊ! अरे, फटाक्यांचं दारूसामान आहे आत! तेरखेड्याच्या कारखान्यातून टेंपो भरून आणलंय! सगळे उडून जाऊ!"

फाटकाशी आलेले पाहुणे जागच्या जागी थांबले. मुकुल थांबला, वळला आणि त्यानं घमेल्यावरचं झाकण काढलं. आत कालची थंडगार राख होती!

"भागवतराव," आबा काठी टेकत पुढं आले. त्यांचा आवाज शांत होता, पण त्या आवाजानंच भागवतरावांची मान खाली गेली. "आंधळ्यांच्या कार्यक्रमाला रोषणाई?"

"पाहुण्यांसाठी हो, आबा. शेवटपर्यंत गुपित ठेवायचं होतं. पेपरात फोटो आला असता..."

"आन् त्या फोटोपायी आमचं दार बुजवलंत? दोरी वळवलीत? ती दोरी म्हंजी वाट हाय, भागवतराव. माझी माणसं तिच्यावर इस्वास टाकून चालत्यात. तिनं भिंतीत नेऊन घातलं असतं, तर कुणाला हाक मारायची आमी?"

खुद्द भागवतरावांनीच मग सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि गोरोबाबरोबर एकेक खोकं उचलून दूर नांगरटीच्या रानात नेऊन ठेवलं. भिजलेला कडबा उपसला. मागचं दार सताड उघडून त्यावर काळा पडदा सोडला. आबांनी दोरी स्वतः चाचपून पुन्हा बांधली, आणि तोवर मावशीनं एकाही पाहुण्याला आत पाऊल टाकू दिलं नाही. कुणी कुरकुरलं नाही. उलट काळवंडलेल्या पेंढ्या बघून कित्येकांनी पोरांच्या पाठीवरून हात फिरवला. मावशीनं तर मुकुलला चारचौघांत छातीशी धरलं, तेव्हा तो लाजून चूर झाला.

"आग कुणी इझवली?" आबांनी विचारलं.

"समृद्धीनं पाणी दिलं. मी ओतलं. मुकुलनंही ओतलं," भैरवी म्हणाली.

"भ्यालीस?"

"लई!" तिच्या तोंडून आबांच्या बोलीतलाच शब्द निघाला. "अजूनही भीती वाटतेय, आबा. मला अंधाराची फार भीती वाटते."

मुकुलनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. चिडवायचं त्याच्या अगदी जिवावर आलं.

"मग पळाली का न्हाईस? दार तर उघडं व्हतं. तुला दिसत व्हतं."

"हो. पण समृद्धी आत होती ना."

आबांनी चाचपडत तिचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. मग खणखणीत आवाजात सगळ्यांना सांगितलं, "ऐका हो! ह्या पंगतीत आमच्या मंडळाबाहेरच्या माणसानं एकट्यानं वाढाय जायचं न्हाय, असं ठरलं व्हतं. पण आज पहिली ओळ ही पोरगी एकटीच वाढंल."

टाळ्या वाजल्या. समृद्धीनं गरम हुरड्यानं भरलेलं बांबूचं सूप भैरवीच्या हातात दिलं. भैरवीनं सूप कमरेला टेकवलं, दोरी धरली आणि काळा पडदा सारून ती आत गेली. भीती अजून गेली नव्हती, पण हुरड्याचा एक दाणाही सांडला नाही.