दूध नाही, आंबा नाही

मारुती मंदिराजवळच्या मोठ्या दुकानात थंड पेटीच्या काचेवर मी हात ठेवला, आणि पलीकडून आणखी एक हात त्याच काचेवर आला. पुरुषाचा, उन्हाने रापलेला, नखं नीट कापलेली. मी हात काढला नाही. मी का काढू? त्यांनी काढला.

"घ्या, तुम्ही आधी," म्हणाले.

ऑक्टोबरचं ऊन होतं. दर बुधवारी त्या दुकानात मी माझ्या कोकमाच्या आगळाच्या बाटल्या पोचवते. गल्ल्यावर बसणारी नम्रता म्हणाली होती, आजी, नवीन आलंय बघा, आइस्क्रीमसारखं, पण बिनदुधाचं, नुसत्या फळांचं. मी दूध सोडलंय हे तिला ठाऊक होतं. आमचे हे गेले तेव्हा आम्ही पिंड द्यायला गयेला गेलो. तिथे आवडीची एक वस्तू कायमची सोडायची असते. बाकीच्या बायका कारलं सोडतात, घोसाळं सोडतात आणि घरी येऊन डोळे पुसतात. मी दूध सोडलं. चहातलं, खिरीतलं, सगळं. ह्यांच्याबरोबर मांडवीच्या किनाऱ्यावर खाल्लेलं आइस्क्रीमही त्यातच गेलं. नऊ वर्षं झाली... एक थेंब नाही.

पेटीतल्या डब्यांवर सगळं इंग्रजी, मुंग्यांची रांग चालल्यासारखं. मी शिकलेय चौथी. मराठीसुद्धा बोट ठेवून वाचते. पण ते परक्या माणसाला कशाला सांगायचं? म्हटलं, चष्मा घरी राहिला, यात गाईम्हशीचं दूध आहे का बघा जरा.

त्यांनी खिशातून चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, डबा हातभर लांब धरला. ओठ हळूहळू हलले.

"फणसाचा गर... नारळाचा रस... साखर. दूध नाही."

अख्खा डबा एकटीला संपणारा नव्हता. दुकानाबाहेरच्या बाकावर बसून दोन लाकडी चमच्यांनी आम्ही तो खाल्ला — मधे माझी पिशवी ठेवून. आधी दातांना झिणझिण्या आल्या, मग तोंडभर फणसाचा घमघमाट.

"आवडलं?" त्यांनी विचारलं.

"फणस बर्फात पुरलाय नुसता."

"म्हणजे नाही आवडलं."

"असं मी म्हटलं का? डबा इकडे करा."

ते हसले. हसताना मान खाली घालत. त्या वयाच्या पुरुषाला असं लाजताना मी पाहिलं नव्हतं.

काशीराम सुर्वे. तीस वर्षं बोटीवर इंजिनात काम केलेला माणूस. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. आता मिरजोळ्याच्या बाजूला हापूसची चाळीस कलमं सांभाळतात. बोटीवरचा माणूस म्हणजे इंग्रजी येणारच, असं मी धरून चालले. सगळं गाव मला आजी नाहीतर वहिनी म्हणतं. ते पहिल्या दिवसापासून सगुणाबाई म्हणाले. आणि मला... त्यांना भाऊ म्हणायचं जिभेवर येईना.

मग दर बुधवारी एक नवा डबा. ते वाचायचे, मी ऐकायचे. अननसाला मी नावं ठेवली, कलिंगडाला म्हटलं हे रंगीत पाणी आहे. जांभळाच्या दिवशी दोघांच्या जिभा जांभळ्या झाल्या, तर मी तोंडाला पदर लावून घरी गेले. माझी सून तेजस्वी नुसती बघत राहिली.

मधली पिशवी कधी खाली गेली, ते मला सांगता येणार नाही.

पौषात चिकूचा डबा आला. इतका मऊ, इतका ओळखीचा लागला की मी डोळे मिटले. त्या दिवशी त्यांनी वाचून दिल्यावर डबा परत त्यांच्या हाती दिलाच नाही. ते चमचा धरून माझ्याकडे बघत बसले... आणि मी बघू दिलं.

रिकामे डबे मी धुऊन ठेवते, मिरचीची रोपं करायला. तेजस्वी माझ्याबरोबर माती भरत होती. थांबली. म्हणाली, आई, हा कधी खाल्लात? यात दूध पावडर आहे.

माझे हात मातीतच राहिले.

ह्यांच्या फोटोपुढे उभी राहून सांगितलं, चुकून झालं. फोटो काय बोलणार. दोन दिवस अन्न घेतलं नाही. बुधवारी गेले आणि तो धुतलेला डबा त्यांच्यापुढे धरला.

"वाचा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला... आणि परत खिशात ठेवला.

"वाचता येत नाही मला, सगुणाबाई."

पहिल्या दिवशी चित्र बघून सांगितलं, म्हणाले. घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी येऊन नम्रताला विचारलं, तर नशिबाने बरोबर निघालं. तेव्हापासून दर मंगळवारी यायचं, तिच्याकडून डबा वाचून घ्यायचा, पाठ करायचा आणि बुधवारी माझ्यापुढे म्हणायचा. चिकूचे दोन डबे एकाच रंगाचे होते. एक दुधाचा, एक बिनदुधाचा. बुधवारी चुकीचा उचलला.

"बोटीवरही असंच रंग बघून चालवायचात का?" मी म्हटलं. "माझ्या नवऱ्यासाठी ठेवलेली एकच गोष्ट होती माझ्याकडे. ती तुम्ही चिकूत कालवलीत."

त्यांनी मान वर केली नाही. मी निघून आले. बाटल्या द्यायचा वार बदलून गुरुवार केला.

राग होताच. पण चूल फुंकताना, बाटल्या भरताना एक गोष्ट टोचत राहिली. चष्मा घरी राहिला, असं मी म्हणाले होते. माझ्याकडे चष्माच नाही. आधी खोटं कोण बोललं?

चैत्र लागला. एका गुरुवारी बाटल्या मोजून घेताना नम्रता हळूच म्हणाली, सुर्वेकाका अजून दर बुधवारी बाकावर येऊन बसतात. आणि आजी, यंदा त्यांनी पहिला आंबा देवापुढे ठेवला आणि कायमचा सोडला. चाळीस कलमांचा धनी, आंबा तोंडात घालत नाही.

पुढच्या बुधवारी मी गेले. बाटल्या नव्हत्याच देण्यासारख्या, तरी गेले. ते बाकावर होते. शेजारी जागा मोकळी.

"आंबा सोडलात म्हणे."

"हो."

"कोणाला विचारून?"

"तुम्ही दूध सोडताना कोणाला विचारलंत?"

"तो माझा नवरा होता."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "मीही परक्या बाईसाठी नाही सोडला."

रिक्षा गेल्या, एसटी गेली. शेवटी उठले आणि म्हटलं, चला आत.

पेटीत निम्मे डबे आंब्याचे. रत्नागिरीत दुसरं काय असणार. वाकून वाकून एक शोधला, वर करवंदाचं चित्र होतं. तो त्यांच्या हातात दिला नाही, माझ्याही हातात ठेवला नाही. गल्ल्यावर नेऊन नम्रतापुढे ठेवला. मागे चार माणसं रांगेत उभी होती. उभी राहू देत.

"नम्रता, मोठ्याने वाच," मी म्हटलं. "दूध नको, आंबा नको. आम्हांला वाचता येत नाही."

तिने डबा फिरवून फिरवून एकेक शब्द वाचला. काशीरामांनी त्यातला एकही ऐकला नसावा. ते माझ्याकडे बघत होते.

"दोन्ही नाही, आजी," ती म्हणाली. "चमचे किती देऊ?"

"एक पुरे," मी म्हटलं.